वेल्डरला दारू किती पितोस विचारता, काम काय करतोस ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला लागतात, अक्कलकोट रोडपासून पार मोहोळ-पंढरपूरपर्यंत रस्त्याकडेच्या शेडमध्ये रात्री अकरा-बारापर्यंत वेल्डिंगचा निळा उजेड चमकत असतो, आणि दरवर्षी तो उजेड बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, त्याने २९ वर्षं तसल्याच शेडमध्ये उकिडवं बसून वेल्डिंग केलं. १९९१ ला हेल्पर म्हणून लागला तेव्हा सोळा वर्षांचा होता. आज त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत, वहिनी लावते.

सांगायचं आहे ते मँगनीजबद्दल. मी शाळेत विज्ञान शिकवते, अणुक्रमांक २५, चिन्ह एमएन, पोटॅशियम परमँगनेट तापवलं की ऑक्सिजन मिळतो, हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, पण हेच मँगनीज माझ्या भावाच्या डोक्यात साठत होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. वेल्डिंगच्या रॉडवर जो लेप असतो त्यात मँगनीज असतं, आतल्या तारेतही थोडं असतं, आणि रॉडच्या टोकाला विजेचा आर्क पेटला की लोखंडाच्या आधी मँगनीजची वाफ होते कारण ते साधारण २०६० अंशाला उकळतं आणि लोखंड २८६० च्या आसपास, त्यामुळे रॉडमध्ये मँगनीजचं जे प्रमाण असतं त्यापेक्षा धुरात जास्त येतं. ती वाफ हवेत लगेच थिजते आणि तिचे कण इतके बारीक असतात की नाकाला बांधलेल्या रुमालातून आरपार जातात. रुमाल बांधून काही उपयोग नाही हे मला इथे अगदी ठळक सांगायचं आहे, कारण अण्णा रोज रुमाल बांधायचा आणि वहिनी तो रोज धुवायची, दोघांनाही वाटायचं आपण काळजी घेतोय.

गुळाचंही तसंच. शेडमध्ये संध्याकाळी गुळाचा खडा वाटायची पद्धत आहे, गूळ खाल्ला की छातीतला धूर निघून जातो म्हणतात. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसातून रक्तात जातो, दोघांची गाठच पडत नाही. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप जोडला की रात्री थंडी वाजून ताप येतो, तो जस्ताचा ताप, तो वेल्डर लोकांना माहीत असतो आणि एक-दोन दिवसात उतरतो म्हणून त्याची भीती पण राहत नाही. पण जस्त निदान त्याच रात्री सांगतं तरी. मँगनीज सांगत नाही, वर्षानुवर्षं गप बसतं.

आता मँगनीज म्हणजे विषच असंही नाही, शरीराला ते लागतंच, दिवसाला साधारण २ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि चहा यातून ते भरपूर मिळतं. अन्नातून आलेल्यातलं आतडं जेमतेम शंभरात तीन ते पाच भाग आत घेतं आणि जास्तीचं झालं तर यकृत पित्तातून बाहेर टाकतं. म्हणजे खाण्यातून येणाऱ्यावर राखण आहे. श्वासातून येणाऱ्यावर ती नाही, फुप्फुसातून ते सरळ रक्तात आणि यकृताकडे जायच्या आधीच मेंदूकडे, शिवाय नाकातल्या वासाच्या नसेतूनही थोडं वर चढतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलेलं आहे. ज्यांचं यकृत आधीच खराब आहे त्यांच्यात तर साध्या जेवणातलं मँगनीजही मेंदूत साठतं.

आणि मेंदूत गेल्यावर काय होतं ते मी डॉक्टरांकडून आणि नंतर स्वतः वाचून समजून घेतलं, सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते. पेशीला लोखंड आणि मँगनीज यांच्यातला फरक नीट ओळखू येत नाही, दोघांना आत घ्यायचे दरवाजे बरेचसे तेच आहेत. म्हणून ज्याच्या अंगात लोह कमी, ज्याचं हिमोग्लोबिन ८-९ वर आलेलं, त्याचं शरीर लोखंडासाठी जास्त दरवाजे उघडतं आणि त्यातून मँगनीज जास्त शिरतं. आत गेलं की ते पेशीच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे जिथे पेशीची ऊर्जा तयार होते तिथे, कॅल्शियमच्या वाटेने जाऊन बसतं आणि लवकर निघत नाही. मग ऊर्जा बनायची साखळी अडते, फ्री रॅडिकल वाढतात, ते पेशीची चरबी, प्रथिनं, डीएनए सगळं कुरतडतात. चेतापेशींच्या शेजारी ॲस्ट्रोसाइट नावाच्या चांदणीसारख्या मदतनीस पेशी असतात, निरोप देऊन झाल्यावर उरलेलं ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशीला चेतवणारं रसायन, उचलून जागा साफ ठेवायचं काम त्यांचं, आणि मँगनीज सगळ्यात जास्त साठतं ते ह्यांच्यातच. त्या ढिल्या पडल्या की ग्लुटामेट तिथेच साचून राहतं आणि चेतापेशी एकसारखी चेतवली जाऊन जाऊन शेवटी मरते. हे सगळं मेंदूभर सारखं होत नाही, जास्त करून खोल आतल्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात होतं, जिथून आपल्या हालचाली आवरल्या-सावरल्या जातात.

पुस्तकात हे असं आहे. घरात ते कसं दिसलं ते सांगते.

पहिल्यांदा स्वभाव बदलला. २०१८ ची गोष्ट. अण्णा म्हणजे अतिशय शांत माणूस, तो पोरांवर खेकसायला लागला, मध्येच रडायला लागायचा, झोप उडाली. आणि मामांच्या दहाव्याला सगळे बसलेले असताना अण्णाला हसू आलं. एकदा सुरू झालं ते थांबेना, तोंडावर टॉवेल धरून बाहेर गेला, बाहेरही हसतच होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, मला म्हणाला अगं मला हसायचं नाहीये. मामी अजून आमच्याशी बोलत नाहीत. चिली देशातल्या मँगनीज खाणीतल्या कामगारांमध्ये हे असंच व्हायचं, विनाकारण हसणं, रडणं, भांडणं, आणि तिथल्या लोकांनी त्याला मँगनीजचं वेड असंच नाव दिलेलं होतं. आम्हाला कुठलं माहीत, आम्ही म्हणलं टेन्शन असेल, नाहीतर पितो वाटतं. हो, मी पण म्हणाले होते. माळकरी माणूस तो, आयुष्यात कधी थेंब घेतला नाही.

मग २०१९ ला तो पडला. एका बंगल्याचं गेट बसवून झालं होतं. वेल्डर माणूस काम झालं की चार पावलं मागं सरकतो, एक डोळा मिटून गेट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघतो, अण्णाने हे हजार वेळा केलं असेल. त्या दिवशी दोन पावलं मागं गेला आणि तिसऱ्याला ओंडक्यासारखा सरळ पाठीवर पडला, हात पण टेकला नाही. मागं चालताना तोल जाणं हे मँगनीजच्या दुखण्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे, पण तिथले लोक म्हणाले दुपारीच लावून आलाय. त्याचे त्या दिवसाचे पैसेसुद्धा कापले.

नंतर चाल बदलली. टाचा टेकायच्याच नाहीत, चवड्यावर, कोपरं वाकवून, कोंबडा चालतो तसा चालायला लागला, आणि तोंडावरचे हावभाव गेले, आवाज बारीक झाला. त्याची मापं लिहायची एक वही आहे, ती मी जपून ठेवलीय. २०१० च्या पानावर ग्रिलची मापं अशी ठसठशीत लिहिलेली की लांबून वाचावीत, २०१९ च्या पानावर ओळीच्या सुरुवातीला आकडा बरा असतो आणि शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढा होतो. कुणी ती वही एकदा उघडून बघितली असती तरी चाललं असतं.

डॉक्टरांची नावं मला घ्यायची नाहीत, कुणाला बदनाम करायचं नाही. तीन ठिकाणी दाखवलं. तिन्ही ठिकाणी विचारलं दारू किती, तंबाखू किती, घरात कुणाला कंपवात आहे का. काम काय करता हे कुणी विचारलं नाही, केसपेपरवर व्यवसायाच्या पुढे मजुरी एवढंच लिहिलेलं आहे. पार्किन्सन, म्हणजे कंपवात, म्हणून गोळ्या सुरू झाल्या, काही फरक पडेना, डोस वाढवला, मळमळ तेवढी वाढली. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं आणि काम बंद झालं ते कायमचंच. पुढे २०२१ च्या जूनमध्ये पुण्याला एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी अण्णाचे हात हातात घेऊन बघितले, मनगटावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत, आणि विचारलं वेल्डर आहात का. पहिल्याच दोन मिनिटांत.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. पार्किन्सनमध्ये मेंदूत निरोप नेणारं डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात, म्हणून बाहेरून लेव्होडोपा दिली की निदान काही वर्षं तरी माणूस सुधारतो. मँगनीजच्या दुखण्यात मुख्य नुकसान त्याच्या पुढच्या टप्प्यावर, ग्लोबस पॅलिडसमध्ये असतं, म्हणून गोळी देऊनही फारसा उपयोग होत नाही. पार्किन्सन बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो, बसल्या जागी हात थरथरतो, ह्यात दोन्ही बाजू सारख्याच धरल्या जातात, थरथर कमी, आखडणं जास्त, तोल मागच्या मागं. आणि एमआरआयमध्ये टी-वन नावाच्या चित्रात ग्लोबस पॅलिडस दोन्हीकडे पांढरा चमकतो. पण, आणि हा पण आमच्या घराला फार महागात पडला, धूर थांबला की तो पांढरेपणा सहा महिने-वर्षभरात पुसला जातो, दुखणं मात्र तसंच राहतं, काहींचं वाढतं. अण्णाचा एमआरआय झाला तेव्हा काम सुटून पंधरा महिने झाले होते. चित्र स्वच्छ आलं. रक्तातलं मँगनीज पण अलीकडच्या दिवसांतलंच दाखवतं, ते नॉर्मल आलं. त्या म्हणाल्या मला चाल बघून, हिस्टरी ऐकून आणि गोळी लागू पडली नाही यावरून खात्री वाटते, पण कागदावर दाखवायला आता काही उरलेलं नाही. २०१९ लाच कुणी विचारलं असतं तर ते चित्र आमच्या हातात असतं आणि त्याहून मोठं म्हणजे अण्णाचं काम तेव्हाच थांबवता आलं असतं.

हे दुखणं काही काल सापडलेलं नाही हो. १८३७ साली ग्लासगोमध्ये कूपर नावाच्या डॉक्टरने ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीजचं खनिज दळणाऱ्या पाच कामगारांबद्दल लिहून ठेवलं होतं, पायांतलं बळ गेलेलं, आवाज पुटपुटल्यासारखा, तोंडातून लाळ. जेम्स पार्किन्सनने आपला निबंध १८१७ ला लिहिला, त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत. आपल्या महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या मोठ्या खाणी आहेत, तिथे निदान नाव तरी ऐकून असतील, आपल्याकडे खाण नाही म्हणून आपल्याला वाटतं आपला काय संबंध. खडी क्रशरचा जबडा झिजला की त्यावर मँगनीजचाच रॉड भरतात, ते क्रशरवाल्यांना चांगलं माहीत आहे, कारण हॅडफिल्ड स्टील म्हणतात त्यात शंभरात ११ ते १४ भाग मँगनीज असतं आणि ते ठोके खाऊन उलट आणखी टणक होतं. अण्णा एकेका जबड्यावर दोन-दोन दिवस वाकून बसायचा.

आणि टँकर. २०१३ चा उन्हाळा सोलापूरकर विसरले नसतील, दुष्काळ, गावोगाव टँकर पळत होते, गंजून फुटायचे आणि अर्जंट दुरुस्तीला यायचे. टँकरला आतून वेल्डिंग करायचं म्हणजे वरच्या झाकणातून आत उतरायचं, बाहेर ४३-४४ डिग्री, आत त्याहून जास्त, आणि धुराला जायला तेवढं एकच भोक. मी डबा घेऊन गेले होते एकदा, तर टँकरच्या झाकणातून चुलीच्या धुराड्यासारखा धूर येत होता आणि त्या धुरातून अण्णाचं डोकं वर आलं, भुवया राखाडी झालेल्या. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, गावांना पाणी मिळावं म्हणून माझा भाऊ एवढं करतोय. त्याला त्या भोकात तोंड करून एक ब्लोअर आणि पाइप लावून दिला असता तर किती खर्च आला असता?

वेल्डिंगच्या धुराने सरसकट पार्किन्सन होतो का यावर डॉक्टरांमध्येच अजून वाद आहेत, आणि प्रत्येक वेल्डर असा आजारी पडतो असं माझं म्हणणं मुळीच नाही, अण्णाच्या बरोबरीचे कितीतरी जण ठणठणीत आहेत. पण अमेरिकेत २००१ ला छापून आलेल्या एका अभ्यासात पार्किन्सनची लक्षणं असलेले १५ वेल्डर तपासले होते, त्यांचं दुखणं सरासरी ४६ व्या वर्षी सुरू झालेलं, बाकीच्या रुग्णांचं ६३ व्या. अण्णा पडला तेव्हा ४४ चा होता.

कायदा आपल्याकडे नव्हता असंही नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत जे रोग सरकारला कळवायचे त्यांची यादी होती, त्यात शिसं, पारा यांच्या सोबत मँगनीजची विषबाधा होती, आणि कलम ८९ प्रमाणे असा कामगार तपासणाऱ्या डॉक्टरने ते मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं असायचं. त्याच कायद्यात मँगनीजच्या धुराची मर्यादा घनमीटरला १ मिलिग्रॅम धरलेली, आणि अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ पासून खोल श्वासात जाणाऱ्या कणांसाठी ०.०२ सांगितली आहे, म्हणजे पन्नास पटीने कमी. पण आमच्या अण्णासारख्यांना १ काय आणि ०.०२ काय, चार माणसांची पत्र्याची शेड कारखाना या व्याख्येतच बसत नाही, दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे ईएसआयचा कामगार विमा नव्हता, हजेरीचा कागद नाही, आणि ट्रॉल्या, टँकर, ग्रिल, गेट हे जिल्ह्याचं निम्मं काम असल्याच शेडमध्ये चालतं.

म्हणून माझ्या विनंत्या आहेत त्या आधी डॉक्टरांना. कृपा करून केसपेपरवर मजुरी असं लिहू नका, कसली मजुरी ते लिहा. पन्नाशीच्या आतला माणूस कडक चालीने आला, पाठीमागे पडतोय म्हणाला, गोळी लागत नाही म्हणाला, तर वेल्डिंग, क्रशर, भट्टी, बॅटरीच्या सेलची फॅक्टरी असं काही काम केलंय का विचारा, आणि काम चालू असतानाच किंवा सुटल्या सुटल्या एमआरआय करा. द्राक्ष-डाळिंबवाल्या शेतकऱ्यांनाही विचारा, मॅन्कोझेब म्हणजे आपलं ते पिवळं बुरशीनाशक, त्यातही मँगनीज असतं आणि सांगोला, पंढरपूर, नान्नजकडे कित्येक जण ते उघड्या हाताने बादलीत कालवतात.

शेडच्या मालकांना सांगायचंय की फार मोठा खर्च मी मागत नाही. साध्या रॉडच्या कामाला एक टेबल फॅन बाजूने लावा, धूर तोंडावरून न जाता आडवा निघून जाईल, सीओटू वेल्डिंगला, म्हणजे वायूच्या आडोशाने करतात त्याला, वारा चालत नाही, तिथे धूर ओढून घेणारा पाइप लागेल. टँकर, टाकी, बॉयलर अशा बंद जागेत ब्लोअरशिवाय माणूस उतरवू नका. रुमालाऐवजी बारीक कण अडवणारा मास्क द्या आणि तो वेळेवर बदला. आणि वेल्डर भावांनो, धुराच्या खांबाच्या वर डोकं नेऊ नका, एका अंगाला बसा, शेडमध्ये जेवायच्या आधी हात धुवा, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. घरच्यांनी स्वभाव बदलला, अक्षर बारीक झालं, मागं सरकताना तोल गेला, यातलं काही बघितलं तर दारूचा संशय घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे न्या आणि काम काय करतो ते तुम्ही स्वतःहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.

अण्णाला आता काठीने गल्लीच्या तोंडापर्यंत जाता येतं. तिथे एक नवीन फॅब्रिकेशनची शेड झालीय, बाहेर खुर्ची टाकून तो बसतो, आतल्या पोराच्या रॉडचा नुसता आवाज ऐकून सांगतो करंट जास्त झालाय, कमी कर. परवा मी त्याला आणायला गेले तर तो त्या पोराला हाताने खुणा करत होता, आवाज पोचत नव्हता म्हणून, आधी मला कळेना काय म्हणतोय, मग लक्षात आलं, बाजूला सरक, बाजूला सरक म्हणत होता. मी आत जाऊन पोराला सांगितलं. त्याने स्टूल उलट्या बाजूला घेतलं.

कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत हे पत्र छापलं तर बरं होईल, आत्ता ट्रॉल्यांचं काम चालू आहे.

आपली नम्र,
एका वेल्डरची बहीण
अक्कलकोट रोड, सोलापूर